ढोलाशेजारची कुजबुज
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आज एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझीच आहे.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला. भुज, अंजार, भचाऊ ही नावे त्या आठवड्यात घराघरांत पोचली. टेलिफोन बंद पडले होते. हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, ते आपापले संच आणि बॅटऱ्या घेऊन तिकडे धावले होते. मीही हॅम. पुण्यातल्या घरी बसून तिकडचे निरोप ऐकायचे आणि ज्याचे त्याला पोचवायचे, एवढे काम माझ्याकडे होते.

आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाची मुलगी अंजारला दिलेली. तिच्याकडून काहीच कळत नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे वडील माझ्याकडे येऊन बसले. ७०४० किलोहर्ट्झवर कच्छमधला एक हॅम सुखरूप असलेल्यांची नावे वाचत होता. आवाज क्षीण होता. बॅटरीवरचा संच आणि घाईने ताणलेली तार, दुसरे काय होणार? पण शब्द कळत होते. मात्र दर दोन-चार नावांनंतर त्यावर एक भसाडा आवाज चढे. आवाज ओळखीचा होता, किलोमीटरभर अंतरावर राहणाऱ्या आमच्या नानांचा. पण घशात पाणी भरल्यासारखा, आणि त्याच्यामागे कुठल्या तरी परदेशी स्टेशनचे संगीत. नाना बोलायचे थांबले की सगळे नाहीसे होई.

मी नानांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. तुमचा ट्रान्समीटर सगळीकडे घाण पसरवतोय, इथे लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, वगैरे. नाना एवढेच म्हणाले, ‘अरे, मी ७०८० वर आहे. मुंबईला औषधांची यादी देतोय. मधेच थांबू कसा?’ तोवर इकडची यादी संपली. मी त्या गृहस्थांना म्हणालो, ‘नाव ऐकू आलं नाही.’ मधली नावे बुडाली, एवढाच माझा अर्थ होता. त्यांनी घ्यायचा तो अर्थ घेतला आणि मुकाट्याने जिना उतरून गेले. त्या घरातला दिवा रात्रभर जळत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आपल्या परवानाधारक भाच्याला घरच्या माइकवर बसवून, नाना स्कूटरवरून माझ्याकडे आले. खिशातून त्यांनी काड्यापेटीएवढी पत्र्याची डबी काढली. आत तीन रेझिस्टर, बाकी काही नाही. ‘अँटेना काढ आणि ही मध्ये घाल,’ म्हणाले. मी घातली. कच्छचा आवाज थोडा खाली उतरला. भाच्याचा भसाडा आवाज मात्र पार गेला. अर्ध्या तासात अंजारच्या त्या मुलीचे, जावयाचे आणि नातवाचे नाव ऐकू आले. तंबूत होते, सुखरूप होते.

म्हणजे नानांचा ट्रान्समीटर निर्दोष होता. दोष माझ्या टेबलावरच्या, मी स्वतः हौसेने बांधलेल्या रिसीव्हरमध्ये होता. दूरचे ऐकू यावे म्हणून मी त्याच्या तोंडाशी एक जादा ॲम्प्लिफायर बसवला होता आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. त्या अभिमानाची किंमत एका घराने एक रात्र जागून मोजली. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

झाले काय होते, ते आधी सांगतो. नाना ७०८० वर बोलत होते. त्याच वेळी ७१२० वर एक जोरदार परदेशी प्रक्षेपण चालू होते. हे दोन्ही दांडगे आवाज माझ्या ॲम्प्लिफायरला झेपले नाहीत. न झेपलेले दोन आवाज यंत्रात एकमेकांत मिसळतात आणि नको तिथे तिसरा आवाज जन्माला येतो. त्याचे गणित ठरलेले असते. नानांची दुप्पट, म्हणजे १४१६०. त्यातून ७१२० वजा करा. उरले ७०४०. नेमकी कच्छची जागा! हवेत त्या जागी नाना नव्हतेच. ते भूत माझ्याच संचात तयार होत होते. त्या भुतात नाना दोनदा आणि परदेशी स्टेशन एकदा, असा तिघांचा गुणाकार असतो. नानांच्या डबीने प्रत्येकाची शक्ती एक दशांश केली. कच्छचा संदेश एक दशांश झाला, पण तीन दशांशांचा गुणाकार असलेले भूत एक सहस्रांशावर आले. आवाज कमी केल्यावर भूत प्रमाणाबाहेर पळाले, तर ते आपल्या घरचे समजावे. ही कसोटी मला नानांनी दिली.

विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाला खेटून उभे राहा आणि खांद्यावर बसलेले पोर कानात काय कुजबुजते ते ऐकून दाखवा. रेडिओकडून नेमकी हीच अपेक्षा असते. अँटेनावर येणारा दुबळा संदेश मायक्रोव्होल्टच्या दहाव्या हिश्श्याइतका असतो, तर शेजारचा दांडगा शंभर मिलिव्होल्टपर्यंत जातो. दोहोंत दहा लाखांची तफावत. ट्रक ज्या काट्यावर वजन होतो, त्याच काट्याने ट्रकच्या टपावर ठेवलेली गुंजही मोजावी, असा हा हट्ट आहे. या दोन टोकांमधल्या अंतराला इंजिनिअर ‘डायनॅमिक रेंज’ म्हणतात. आपण त्याला ‘पल्ला’ म्हणू.

रेडिओच्या पहिल्या काळात या पल्ल्याची फिकीर कोणाला नव्हती. सगळी धडपड दुबळे ऐकण्याची होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असलेल्या एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अधिकाऱ्याने १९१८ मध्ये सुपरहेटेरोडाइन रिसीव्हरची रचना मांडली. आलेली लहर संचातच निर्माण केलेल्या दुसऱ्या लहरीशी मिसळायची, सोयीच्या जागी आणायची आणि तिथे गाळून घ्यायची. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हॅम असला संच घेऊन स्कॉटलंडमधल्या अर्ड्रॉसन या गावी गेला. समुद्रकाठी थंडीपावसात तंबू ठोकून त्याने अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संदेश टिपले. जगभरच्या हॅम मंडळींत त्याचा जयजयकार झाला. लांबचे ऐकणारा संच तो चांगला संच, ही समजूत तेव्हा जी बसली ती पुढे पन्नास वर्षे हलली नाही.

पण आर्मस्ट्राँगच्या युक्तीचे मर्म मिसळणे हेच होते, आणि भुतेही मिसळण्यातूनच जन्मतात. जिथे दांडग्या लहरी सरळपणे झेपत नाहीत, तिथे हे होणारच. १९३३ मध्ये हॉलंडमधल्या आइंडहोवनला बर्नार्ड टेलेगेन स्वित्झर्लंडचे बेरोम्युन्स्टर स्टेशन ऐकत होते. त्यामागे त्यांना लक्झेंबर्ग रेडिओचा कार्यक्रम ऐकू येऊ लागला. संच तपासला, तो ठीक होता. शोधाअंती कळले की लक्झेंबर्गच्या शक्तिमान लहरींनी वरचे आयनांबरच ढवळले जात होते आणि तिथून जाणाऱ्या स्विस लहरीवर त्यांचा ठसा उमटत होता. म्हणजे दांडगा शेजारी आभाळालाही पेलत नाही!

पुढे व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. संच लहान झाले, वीज कमी खाऊ लागले, पण सुरुवातीचे ट्रान्झिस्टर संच दांडग्या लहरींपुढे जुन्या व्हॉल्व्हपेक्षा लवकर नांगी टाकत. युरोपातल्या हॅम मंडळींना याचा चटका सर्वांत जास्त बसला. तिथे, आणि आपल्याकडेही, हौशी मंडळींना ७००० ते ७१०० किलोहर्ट्झ एवढीच जागा होती. ७१०० ची रेघ ओलांडली की शेकडो किलोवॉटची प्रक्षेपणे सुरू. झोपडीला लागून कारखाना असावा तसे. रात्र झाली की त्या पट्ट्यात भुतांचा बाजार भरे, आणि बहुतेकांना वाटे की हवाच खराब आहे.

हवा नव्हे, संच खराब आहे, हे आकड्यांनी दाखवायला १९७५ साल उजाडले. त्या वर्षी जुलैमध्ये वेस हेवर्ड या अमेरिकन इंजिनिअर-हॅमने ‘क्यूएसटी’ मासिकात रिसीव्हरचा पल्ला कसा ठरवावा आणि घरच्या घरी कसा मोजावा, हे लिहिले. दोन दांडग्या लहरी मुद्दाम संचात सोडायच्या, त्या वाढवत न्यायच्या आणि भूत कधी डोके वर काढते ते पाहायचे. जर्मनीहून आलेले उलरिख रोडे यांनीही त्याच सुमारास या प्रश्नावर सातत्याने लिहिले. इतके दिवस जाहिरातीत फक्त ‘किती दुबळे ऐकू येते’ एवढेच छापले जाई. आता ग्राहक दुसरा आकडाही विचारू लागला.

तो आकडाही फसवा असू शकतो, हे रॉब शेरवूड या अमेरिकन हॅमच्या लक्षात आले. त्या काळचा एक नावाजलेला रिसीव्हर प्रयोगशाळेच्या चाचणीत उत्तम ठरला होता, पण रेडिओ स्पर्धेच्या गर्दीत तो पार गोंधळून जाई. कारण सोपे होते. चाचणीत दांडग्या लहरी एकमेकींपासून वीस किलोहर्ट्झ दूर ठेवलेल्या असत, त्यामुळे संचातला पहिला फिल्टर त्यांना बाहेर अडवी. स्पर्धेत मात्र शेजारी दोन किलोहर्ट्झवर येऊन बसतो. आठ किलोहर्ट्झ रुंदीच्या त्या फिल्टरच्या दारातून तो आरामात आत येई आणि मग आत धुडगूस. शेरवूड यांनी दोन किलोहर्ट्झवर मोजायला सुरुवात केली, दार अरुंद करण्याचा उपाय सांगितला आणि डिसेंबर १९७७ च्या ‘हॅम रेडिओ’ मासिकात तो सहकाऱ्यासह मांडला. त्यांनी मोजलेल्या संचांचा तक्ता पुढे जगभरच्या हॅम मंडळींनी संच घेण्याआधी चाळायचा ठरावीक कागद झाला. मला यातली साधी गोष्ट भावते. आपला संच का कोलमडला, याचे उत्तर त्या माणसाने हवेत शोधले नाही. त्याने मोजण्याची पट्टी बदलली.

आणि मग कथेत सॉफ्टवेअर आले. ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही कल्पना जोसेफ मिटोला यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रीय सभांतून रूढ केली. फिल्टर, मिक्सर, सगळे आकडेमोडीने करायचे. लहरीचे आकडे करून घ्या, बाकी काम संगणक करील. हौशी जगात हे आणले टेक्सासच्या जेराल्ड यंगब्लड यांनी. २००२ मध्ये त्यांनी ‘क्यूईएक्स’ या मासिकात लेखमाला सुरू केली. घरच्या संगणकाचे साउंडकार्ड हेच आकडे करण्याचे यंत्र. त्याच्यापुढे डॅन टेलो यांचे अगदी साधे, इलेक्ट्रॉनिक स्विचचे मिक्सर. त्या मिक्सरचा गुण असा की दांडग्या लहरी त्याला बऱ्यापैकी झेपत. साध्या घरगुती साधनांतून बड्या संचांच्या तोडीचे काम होताना पाहून अनेकांनी तोंडात बोटे घातली.

पुढची पायरी याहून धाडसाची होती. मिक्सरच नको, अँटेनावरून येते ते सगळे थेट आकड्यांत करा. काही वर्षांतच स्वयंसेवकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने, ज्याला ‘एचपीएसडीआर’ म्हणत, ‘मर्क्युरी’ नावाचे असे कार्ड बनवले. त्यातली चिप सेकंदाला १२ कोटी २८ लाख ८० हजार वेळा लहर मोजते, सोळा बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या पट्टीवर.

जुन्या मंडळींनी मान हलवली. नानाही त्यांत होते. त्यांचा आक्षेप असा, की सोळा बिट म्हणजे फार तर अठ्ठ्याण्णव डेसिबल, आणि प्रत्यक्षात चिप तेरा बिटांच्या आसपासच उतरते. मग दहा लाख पट तफावत, म्हणजे एकशे वीस डेसिबल, मोजणार कशी? शिवाय दारात फिल्टर नाही. मिरवणूकच घरात घेतल्यासारखे. पट्टीच्या शेवटच्या पायरीपेक्षा एकूण लहर मोठी झाली की आकडेच संपले. व्हॉल्व्ह कुरकुर करत बिघडतो. इथे मात्र कडा आहे, पाऊल चुकले की थेट खाली.

आक्षेप योग्य होता, आणि त्याचे उत्तरही सुंदर होते. सहा कोटी हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात चिपच्या मोजमापातली चूक सर्वत्र खरखर होऊन पसरते. आपल्याला मोर्स संदेशापुरते पाचशे हर्ट्झ हवेत. म्हणजे त्या खरखरीचा सुमारे एक लाख बावीस हजारावा हिस्साच आपल्या वाट्याला येतो. एवढ्यानेच एक्कावन्न डेसिबलचा लाभ होतो आणि हिशेब सव्वाशे डेसिबलच्या पलीकडे जातो.

पण एका पायरीहूनही लहान असलेली लहर पट्टीवर उमटेल कशी? इथे एक जुनी युक्ती कामी आली. मिलिमीटरच्या पट्टीने अर्धा मिलिमीटर मोजता येत नाही. पण हात किंचित थरथरत असेल आणि हजार वेळा मोजून सरासरी काढली, तर येतो! १९६२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी चित्रे आकड्यांत पाठवण्यासाठी मुद्दाम थोडा गोंगाट मिसळण्याची पद्धत मांडली. हेच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटच्या पूर्वजाचे, अर्पानेटचे, एक शिल्पकार झाले. लघुलहरींवर तर हा थरथरणारा हात निसर्गानेच पुरवला आहे. विजांचा कडकडाट, आभाळाची खरखर आणि शेकडो स्टेशनांची गर्दी चिपला सतत हलवत ठेवते. ज्या गर्दीची भीती होती, तीच कड्याच्या अलीकडे असेपर्यंत मोजमाप सुधारते. शेकडो लहरी एकाच क्षणी एकाच दिशेने उसळण्याचा योगही विरळा. याची परीक्षा घ्यायला दोन लहरींची जुनी चाचणी पुरेना, तेव्हा टेलिफोनच्या बहुवाहिनी तारांसाठी वापरली जाणारी पद्धत उसनी घेतली गेली. संचात सर्वत्र खरखर भरायची, मधेच एक अरुंद भेग रिकामी ठेवायची आणि त्या भेगेत किती कचरा सांडतो ते पाहायचे.

२०१६ मध्ये ‘आयकॉम’ या जपानी कंपनीचा ‘आयसी-७३००’ बाजारात आला आणि थेट आकडे करणारा संच सामान्य हॅमच्या टेबलावर पोचला. चिप चौदा बिटांची, पण दारात पट्ट्या-पट्ट्यांचे फिल्टर परत आले होते. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ओव्हीएफ’ अशी खूण उजळते, म्हणजे तुम्ही कड्यावर आहात, आवक कमी करा. नानांची पत्र्याची डबी आता एक बटण झाली होती. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या ‘एसबिटेक्स’ या संचातही मला हाच शहाणपणा दिसतो. आत छोटा संगणक सगळी आकडेमोड करतो, पण त्याच्या अलीकडे स्फटिकांचा फिल्टर राखणीला उभा आहे.

आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांना हवी असते दीर्घिकांमधून येणारी, कुजबुज म्हणण्याइतकीही जोरकस नसलेली लहर. दुर्बिणीचा कायापालट करताना एकावेळी ऐकायची रुंदी बत्तीसवरून चारशे मेगाहर्ट्झवर नेली. दार रुंद केले की टीव्ही आणि मोबाइलचे मनोरेही आत येणार, म्हणून त्यांना अडवणारे फिल्टर बसवावे लागले. हौशी टेबलावरची आणि त्या माळरानावरची अडचण एकच.

काळाबरोबर शेजारीही बदलले. २००३ च्या जिनिव्हा परिषदेच्या निर्णयानुसार २९ मार्च २००९ पासून ७१०० ते ७२०० हा पट्टा प्रक्षेपण केंद्रांनी सोडला. अनेक देशांनी लघुलहरी प्रक्षेपणे पुढे बंदच केली. ढोल दूर गेले. आता शहरात त्रास होतो तो एलईडी दिव्यांच्या, चार्जरच्या आणि सौर इन्व्हर्टरच्या अखंड किरकिरीचा. पल्ला कितीही असो, किरकिरीखाली बुडालेला संदेश कोणताही संच वर काढू शकत नाही. इथे उपाय दुसऱ्या दिशेने, आपापल्या घरातल्या उपकरणांपासून सुरू करावा लागतो.

शेवटी एक अलीकडचा प्रसंग. टीव्हीसाठी बनवलेली एक स्वस्त यूएसबी काडी आहे. तिच्यातून हवेचे कच्चे आकडे थेट मिळतात हे २०१२ मध्ये उघड झाले आणि ती जगभरच्या विद्यार्थ्यांची पाटी-पेन्सिल बनली. बिट फक्त आठ, म्हणजे २५६ पायऱ्या. एका महाविद्यालयातली मुले ती घेऊन माझ्याकडे आली. पडद्यावर त्यांना भलभलत्या ठिकाणी एफएमची गाणी सापडत होती. गुप्त प्रक्षेपण असावे, अशी त्यांची खात्री! मी गेन खाली ओढायला सांगितले. पडद्यावरची निम्मी स्टेशने नाहीशी झाली. आधी अंधुक असलेली एक रेघ तेवढी ठळक झाली. एक मुलगी म्हणाली, ‘काका, कमी ऐकल्यावर जास्त दिसलं.’

नाना आता नाहीत. त्या फोनबद्दल मी त्यांची माफी मागितली होती. तेव्हा ते म्हणाले होते, ‘माफी अंजारच्या पोरीच्या बापाची माग. मला फक्त तो तुझा ॲम्प्लिफायर काढून टाकल्याचं सांग.’ मी दोन्ही केले. ती पत्र्याची डबी अजून माझ्या टेबलावर आहे. त्या मुलांनी जाताना विचारले, हिच्यात काय आहे? मी झाकण काढून दाखवले. तीन रेझिस्टर, बाकी काही नाही. त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो काढून नेला.